घरातील धूर व गावावरील हवा

पाण्याविषयी आमच्या खेडेगावांतून आता बरीच जागृती झाली आहे. विहिरीत औषध टाकावे, पाणी गाळून व उकळून प्यावे, हंडा झाकून ठेवावा, हे शाळेतल्या लहान मुलासही ठाऊक असते. परंतु ज्या वस्तूवाचून मनुष्य घटकाभरही जगू शकत नाही, त्या हवेविषयी मात्र आपण अद्याप निष्काळजी आहोत. मनुष्य दिवसाकाठी पाणी पितो ते दोनतीन लिटर. हवा आत घेतो ती सुमारे दहा हजार लिटर. अहोरात्रात सुमारे वीस हजार वेळा त्याची छाती वरखाली होते. पाणी गढूळ दिसले तर ते ओतून देऊन दुसरे आणता येते; हवा धुराने भरली तरी तीच घ्यावी लागते, कारण श्वास उद्यावर टाकता येत नाही. यास्तव ह्या पाठात आपण हवेचा, व विशेषेकरून तिला बिघडविणाऱ्या धुराचा विचार करू.

१. धूर म्हणजे काय?

सरपण पूर्णपणे जळाले तर वाफ, कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू व थोडी राख एवढेच बहुधा मागे राहील. पण आपल्या चुलीत तसे घडत नाही. लाकूड ओले असते, गोवरी दमट असते, चुलीच्या तोंडाशी तुराट्या कोंबलेल्या असतात आणि जाळाला हवा पुरत नाही. मग जे अर्धवट जळते तेच धुराच्या रूपाने वर येते. म्हणजे धूर हे जळावयाचे राहून गेलेले सरपणच होय. ज्या चुलीतून धूर फार निघतो ती चूल छाती बिघडविते इतकेच नव्हे, तर कष्टाने आणलेली मोळीही वाया घालविते.

धुरात दोन प्रकारची द्रव्ये असतात. पहिला प्रकार वायूंचा. त्यांपैकी कार्बन मोनॉक्साइड हा फार घातक आहे. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील ज्या तांबड्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा, त्या द्रव्यास हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो व प्राणवायूची जागा अडवून बसतो. थंडीच्या दिवसांत खोलीची दारे लावून जळत्या कोळशांची शेगडी आत घेऊन निजलेली माणसे सकाळी मेलेली आढळतात, ती ह्याच वायूमुळे.

दुसरा प्रकार सूक्ष्म कणांचा. मोठे कण नाकाच्या केसांत व घशाच्या ओलाव्यात अडकतात आणि शिंकेवाटे अथवा खोकल्यावाटे बाहेर पडतात. पण जे कण एका मिलिमीटरच्या हजार भागांपैकी अडीच भागांहून मोठे नसतात, ते अडत नाहीत. आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीशी ताडून पाहिले तर ते सुमारे तिसाव्या हिश्शाइतके भरतात. वर्तमानपत्रांत ‘पीएम २.५’ असे जे छापून येते, ते ह्याच कणांचे नाव होय. डोळ्यांस झोंबणारा धूर आपणांस कळतो. परंतु डोळे पुसून झाल्यावरही हवेत तरंगत राहणारे हे कण कळत नाहीत, आणि खरा धोका त्यांचाच आहे.

२. शरीरात काय घडते?

आपल्या फुप्फुसांत सुमारे तीस कोटी इवल्या पिशव्या असतात. त्यांच्या भिंती अतिशय पातळ असून तेथेच रक्त हवेतील प्राणवायू घेते. सूक्ष्म कण थेट तेथवर पोहोचतात व तो नाजूक भाग सुजवितात. त्यांतील अगदी बारीक कण तर भिंत ओलांडून रक्तात शिरतात. म्हणूनच धुराचे दुखणे केवळ खोकल्यावर थांबत नाही. वर्षानुवर्षे धूर घेतलेल्या मनुष्याची फुप्फुसे आखडतात व चार पावले चालताच धाप लागते. हृदयविकार व पक्षाघात ह्यांचे भय वाढते. घरातील धुराने डोळ्यांत मोतीबिंदू होण्याचा संभव वाढतो. गर्भवती स्त्रीने धूर घेतल्यास मूल कमी वजनाचे जन्मण्याचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने २०१३ साली बाहेरील दूषित हवेस, तंबाखूच्या धुरास ज्या वर्गात घातले आहे त्याच पहिल्या वर्गात घातले. म्हणजे ती मनुष्यास कर्करोग करिते हे निश्चित ठरले.

ह्याच संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०१९ साली घरातील व बाहेरील दूषित हवेने मिळून जगात सुमारे ६७ लाख माणसे अकाली मेली. केवळ घरातील धुराचा २०२० सालचा हिशेब सुमारे ३२ लाखांचा आहे, आणि त्यांत पाच वर्षांखालील २ लाख ३७ हजारांहून अधिक बालके होती. हे दोन आकडे वाचकांनी एकमेकांत मिळवू नयेत. घरातील धुराचे बळी पहिल्या हिशेबातही धरलेले असतात.

३. माजघरातील हवा

हवा किती शुद्ध असावी ह्याचे माप ठरलेले आहे. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले असता एका भागास मायक्रोग्राम म्हणतात. एक मीटर लांब, रुंद व उंच एवढ्या हवेत हे सूक्ष्म कण वर्षाच्या सरासरीने ५ मायक्रोग्रामपेक्षा अधिक नसावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले. आपल्या देशाने २००९ साली ठरविलेली मर्यादा ४० ची आहे. आता ज्या घरात हवा खेळत नाही तेथे चूल पेटलेली असता हे प्रमाण योग्य मापाच्या शंभर पटही होते, असे आढळले आहे.

ही गोष्ट जगाच्या ध्यानात येण्यास आपल्याच देशातील खेडी कारण झाली. कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन संशोधकाने आपल्या भारतीय सहकाऱ्यांसह १९८१ साली गुजरातमधील काही खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर मोजणीची लहान यंत्रे अडकवून त्या किती धूर घेतात हे पाहिले. तोवर दूषित हवा म्हटली की विद्वानांच्या डोळ्यांपुढे कारखान्याचे धुराडे व शहराचा रस्ता येत असे. चुलीपुढची स्त्री त्या शहरवासीयापेक्षा कितीतरी अधिक धूर घेते, हे ह्या मोजणीने उघड झाले. ह्यातून शिकण्याजोगी गोष्ट अशी की, धूर किती निघाला एवढेच पाहून भागत नाही. तो कोणाच्या नाकाशी निघाला हेही पाहिले पाहिजे. उंच धुराड्याचा धूर आकाशात पसरून विरळ होतो. चुलीचा धूर हातभर अंतरावर असलेल्या तोंडात जातो.

आणि ते तोंड कोणाचे असते? सासूचे, सुनेचे, चुलीशी बसून भाकरी मागणाऱ्या लेकराचे. तान्हे मूल मांडीवर घेऊन माता जाळ सारीत असते, व मोठ्या माणसाच्या दुपटीहून अधिक वेगाने श्वास घेणारे ते अर्भक तो धूर आत ओढीत असते. घरचा पुरुष त्या वेळी ओसरीवर किंवा शेतावर असतो. भाकरी सर्वांस मिळते. धूर मात्र सर्वांच्या वाट्यास सारखा येत नाही.

४. बाहेरील हवा

कोणी म्हणेल, धूर बाहेर गेला म्हणजे संपले. तसे नाही. १९५२ सालच्या डिसेंबरच्या ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत लंडन शहरावर असे दाट धुके बसले की हातापुढचे दिसेना. वारा पडला होता; वरती उबदार हवेचा थर व खाली थंड हवा अशी स्थिती झाल्यामुळे धुरास वर जाण्यास वाट उरली नाही. त्या प्रसंगी सुमारे चार हजार माणसे नेहमीपेक्षा अधिक मेली, असा तेव्हाचा हिशेब होता. पुढील संशोधकांनी तो बारा हजारांपर्यंत नेला आहे. ती हवा केवळ गिरण्यांनी बिघडविली नव्हती. घरोघरी ऊब आणण्यासाठी जो कोळसा जाळीत, त्याच्या धुराचा त्यात मोठा भाग होता. म्हणून १९५६ साली तेथे जो स्वच्छ हवेचा कायदा झाला, त्याने कारखान्यांबरोबर घरच्या शेगड्यांकडेही लक्ष दिले. नेमलेल्या वस्त्यांतून बिनधुराचेच जळण वापरावे असे ठरले, आणि शेगडी बदलण्याच्या खर्चाचा मोठा भाग सार्वजनिक पैशातून देण्यात आला. नुसता हुकूम काढून ते थांबले नाहीत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

धूर कमी झाला म्हणजे दुखणे कमी होते काय, ह्याचे उत्तरही मिळाले आहे. अमेरिकेतील युटा प्रांताच्या एका खोऱ्यात पोलादाचा एक मोठा कारखाना होता. मालक व मजूर ह्यांच्या तंट्यामुळे तो १९८६ सालच्या ऑगस्टपासून सुमारे वर्षभर बंद राहिला. तो चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वासाच्या विकारांनी इस्पितळात दाखल होणारी मुले, तो बंद असलेल्या हिवाळ्याच्या मानाने दुपटीतिपटीने अधिक होती. तसेच आयर्लंडच्या डब्लिन शहरात १९९० साली धूर करणाऱ्या कोळशाची विक्री बंद झाली, तेव्हा श्वासाच्या विकारांनी होणारे मृत्यू सुमारे १५ टक्क्यांनी उतरले.

आपल्याकडेही कायदे झाले. मुंबई इलाख्यात गिरण्यांच्या धुराविरुद्ध १९१२ साली कायदा झाला. स्वतंत्र भारतात १९८१ साली हवेच्या रक्षणाचा कायदा झाला. २०१९ पासून शहरांसाठी राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम चालू झाला. परंतु भारतातील माणसांच्या श्वासात बाहेरच्या हवेतून जे सूक्ष्म कण जातात, त्यांचा सुमारे चौथा हिस्सा घरांतील लाकूड-गोवऱ्यांच्या जाळाचा असतो, असे २०१५ सालच्या स्थितीविषयीच्या एका मोठ्या अभ्यासात दिसून आले. म्हणजे चुलीचा धूर कौलांतून बाहेर पडतो, गावावर पसरतो, आणि ज्या घरी चूलच नाही त्या घरातही दारावाटे शिरतो. ऊस तुटल्यावर पाचटास लावलेली आग, शेताच्या बांधावर पेटविलेला कचरा, वीटभट्टीचा लोट, हे सर्व त्यांतच मिळतात. हिवाळ्याच्या सकाळी गावावर जो निळसर पट्टा आडवा पसरलेला दिसतो, तो सगळाच दवाचा नसतो. घरातील हवा व बाहेरील हवा अशा दोन हवा नाहीत. हवा एकच आहे.

५. उपाय कोणते?

पहिला उपाय धुराड्याच्या चुलीचा. सरकारने १९८३ साली सुधारित चुलींचा कार्यक्रम काढला व तो २००२ पर्यंत चालला. त्या अवधीत तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या. पण पुष्कळ चुली थोड्याच काळात तडकल्या, धुराडी काजळीने तुंबली, ती साफ कोणी करावयाची हे ठरले नव्हते, आणि कित्येक ठिकाणी घरच्या भांड्यांस व रांधण्याच्या रीतीस त्या जुळल्या नाहीत. जी वापरणार तिला विचारल्यावाचून केलेली सुधारणा टिकत नाही, हा त्यातला धडा होय.

तथापि धुराड्याचा उपयोग नाही असे नव्हे. मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात डोंगराळ भागातील काही घरांस धुराड्याची चूल दिली व काहींची उघडी चूल तशीच ठेवून बालकांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. धुराड्यामुळे बालकांच्या श्वासात जाणारा धूर सुमारे निम्मा झाला, आणि कठीण प्रकारचा न्यूमोनिया सुमारे एकतृतीयांशाने घटला. परंतु सर्व प्रकारचा न्यूमोनिया एकत्र मोजला असता फरक निश्चित म्हणण्याजोगा पडला नाही. ह्यावरून असे दिसते की धूर अर्धा केला तर काही लाभ होतो. पुरता लाभ हवा असेल तर धूर जवळजवळ नाहीसाच केला पाहिजे.

दुसरा व अधिक चांगला उपाय म्हणजे गॅस किंवा वीज. २०१६ सालच्या मे महिन्यात उज्ज्वला योजना चालू झाली व तिच्याखाली दहा कोटींहून अधिक घरांस गॅसची जोडणी मिळाली. तरी २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ग्रामीण भारतातील शंभर घरांपैकी सुमारे ४३ घरीच प्रामुख्याने स्वच्छ जळणावर स्वयंपाक होत असल्याचे आढळले. असे का? सिलिंडर घरात असतो, पण कोपऱ्यात असतो. तो संपला की पुन्हा भरण्यास एकदम पैसे लागतात, आणि सरपण फुकट मिळते असे वाटते.

परंतु ते खरोखर फुकट आहे काय? मोळीसाठी गेलेले तास कोणाचे? डोक्यावरचे ओझे कोणाचे? बाळाच्या दुखण्यात बुडालेली मजुरी व औषधाचे पैसे कोणत्या वहीत मांडावयाचे? ज्याच्या हाती पैसा नाही त्यास आम्ही दोष देत नाही. दोनवेळच्या अन्नाची ज्यास विवंचना आहे त्याला सिलिंडरचा उपदेश करणे शोभत नाही. पण ज्या घरी फटफटीत पेट्रोल घालण्यास व पाहुण्यांच्या जेवणावळीस पैसे निघतात आणि सिलिंडरसाठी निघत नाहीत, त्या घरच्या कर्त्या पुरुषाने हा हिशेब एकदा मनाशी करावा. धूर घेणारी एक व पैसा खर्चणारा दुसरा, अशी जेथे स्थिती आहे तेथे हा प्रश्न केवळ चुलीचा राहत नाही. तो न्यायाचा होतो.

ज्यांस सर्व स्वयंपाक गॅसवर करणे परवडत नाही, त्यांनी निदान घरात स्त्री गरोदर असता व मूल दोन वर्षांचे होईपर्यंत तरी गॅसला अग्रक्रम द्यावा. शिवाय पुढील गोष्टी बिनखर्चाच्या किंवा अल्पखर्चाच्या आहेत:

(१) सरपण पावसाळ्यापूर्वी आडोशाला रचून पूर्ण वाळवावे व बारीक फोडून थोडे थोडे चुलीत घालावे.

(२) डाळ भिजवून शिजत घालावी व भांड्यावर झाकण ठेवावे. जाळ कमी लागतो.

(३) उन्हाळ्या-हिवाळ्यात चूल पडवीत किंवा अंगणात मांडावी. आत असल्यास समोरासमोर दोन झरोके ठेवावेत आणि चुलीवरचे एखादे कौल उचलून धुरास वाट करून द्यावी.

(४) अंघोळीच्या पाण्याचा बंब घराबाहेर, दारापासून दूर ठेवावा.

(५) चूल पेटविण्यास प्लॅस्टिकची पिशवी, रबर अथवा रॉकेल वापरू नये.

(६) तान्ह्या मुलास चुलीजवळ घेऊन बसू नये. त्या वेळी घरातील दुसऱ्या कोणी, पुरुषानेही, त्यास सांभाळावे.

(७) घरात विडी ओढू नये.

(८) पाचट न जाळता शेतातच कुजवावे. जमिनीस खतही मिळते.

६. दोन आक्षेप

“आमच्या आजीने जन्मभर धूर घेतला व ती नव्वद वर्षे जगली,” असे पुष्कळ लोक म्हणतात. ती जगली म्हणून तिची आठवण राहिली. धापेने जी चाळिशीत गेली, व जी बालके नाव ठेवण्यापूर्वीच गेली, त्यांची साक्ष कोणी काढीत नाही. शिवाय त्या आजीचे डोळे कधी अधू झाले व ती रात्री किती खोकत असे, हेही विचारावे.

दुसरा आक्षेप असा की धुराने डास पळतात आणि वर टांगलेली बियाण्याची कणसे कीडमुंगीपासून सुरक्षित राहतात. हे काहीसे खरे आहे. पण ज्या धुरात कीड जगत नाही तो बाळाच्या छातीस मानवेल कसा? बियाणे वाळवून घट्ट झाकणाच्या कणगीत वा डब्यात ठेवता येते, आणि डासांसाठी मच्छरदाणी आहे. डासांसाठी जी हिरवी गुंडाळी जाळतात तिच्याविषयीही सावध असावे. तशी एक गुंडाळी जळून जितके सूक्ष्म कण निघतात तितके ७५ ते १३७ सिगारेटींतून निघतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत आढळले.

७. बाळाचा श्वास मोजण्याची रीत

घरातील धुराने बालकांस न्यूमोनिया होण्याचा धोका वाढतो, आणि त्यात दिरंगाई प्राणघातक ठरते. म्हणून ही साधी रीत प्रत्येक मातापित्याने शिकून घ्यावी. मूल शांत असता त्याचे पोट व छाती उघडी करून पूर्ण एक मिनिटभर श्वास मोजावे. दोन महिन्यांखालील बालकाचे श्वास ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर तो श्वास जलद समजावा व मुलास त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध पीत नसेल किंवा ग्लानीत असेल, तर क्षणाचाही विलंब करू नये. पोटावर डाग देणे, बिब्बा घालणे असले उपाय कदापि करू नयेत; त्यांनी रोग हटत नाही, आणि औषधाची वेळ मात्र निघून जाते.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

(१) धूर म्हणजे वाया गेलेले सरपण, असे का म्हटले आहे?

(२) डोळ्यांस झोंबत नाही असाही धूर घातक का असतो?

(३) लंडनमध्ये कायद्याबरोबर आणखी काय केले गेले, व त्याचा उपयोग काय झाला?

(४) सुधारित चुली पुष्कळ ठिकाणी का टिकल्या नाहीत? आपल्या घरी चूल बदलावयाची झाल्यास प्रथम कोणास विचारावे?

(५) आपल्या घरात दररोज सर्वांत अधिक धूर कोण घेते? तो कमी करण्यासाठी ह्या आठवड्यात आपण काय करणार? हे उत्तर पुरुषांनी आधी द्यावे.